कात्रीखालची कुंती

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकातून आत शिरलं, की रस्त्याच्या कडेने कमरेएवढी, वरून सपाट आणि बाजूंनी सरळ कापलेली हिरवी भिंत लागते. तिच्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही. कुंपण ही बघायची वस्तू नव्हेच. ते आड येतं, तेवढीच त्याची नोंद होते. ही भिंत कधी कोयनेलची असते, कधी पिवळ्या ड्युरांटाची आणि बऱ्याचदा कुंतीची. पानं बारीक, गर्द, तुकतुकीत असली आणि चुरगाळल्यावर लिंबाच्या पानासारखा वास आला, तर ती कुंतीच.

हीच कुंती सह्याद्रीच्या रानात भेटली तर ओळखू येत नाही. तिथे ती पंधरा-वीस फुटांचं झाड असते. फिकट सालीचं, थोडं वेडंवाकडं खोड, वर गोलसर शेंडा, पावसाच्या तोंडाला पांढऱ्या फुलांनी लगडलेला. त्याच्या बुंध्याशी उभं राहिलेल्या माणसाला वासाने आधी कळतं आणि वर मान केल्यावर दिसतं. संकुलातल्या भिंतीला मात्र वर्षानुवर्षं फूल आलेलं नसतं. तिथे राहणाऱ्या पुष्कळांना ही वनस्पती फुलते हेच ठाऊक नसतं.

जात एक, पाऊस तोच, मातीही फार वेगळी नाही. मधे येते ती कात्री. या कात्रीने झाडाचं नेमकं काय होतं आणि त्याचा हिशेब संत्र्याच्या बागांपर्यंत कसा पोचतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

लिंबाच्या घराण्यातली

कुंतीचं शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. मुराया हे नाव लिनियसने १७७१ साली आपल्या एका शिष्यावरून दिलं. गटिंगेन विद्यापीठात शिकवणारा योहान अँड्रियास मरे हा तो शिष्य. महाराष्ट्रात या झाडाला कुंती म्हणतात आणि पांढरीही म्हणतात. बंगालात ती कामिनी. फुलबाजारातही हेच नाव चालतं. भारत, श्रीलंका, दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग एवढ्या मोठ्या पट्ट्यात ती मूळची आहे. कुंपणाला लावतात ती बारीक पानांची, आखूड पेरांची कुंती आणि रानातली मोठ्या पानांची कुंती या दोन वेगळ्या जाती मानाव्यात असं काही वनस्पतिशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. ते बारीक पानांच्या कुंतीला मुराया एक्झॉटिका म्हणतात. माळ्यासाठी आणि पुढे येणाऱ्या किड्यासाठी दोन्ही सारख्याच.

तिचं कूळ रुटेसी. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस, बेल, कवठ आणि कढीपत्ता ही सगळी याच घराण्यातली. या कुळाची खूण पानातच असते. कुंतीचं पान उजेडासमोर धरलं की त्यात पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या पानात त्या असतात, कढीपत्त्यातही असतात. कढीपत्ता तर कुंतीला इतका जवळचा, की कालपरवापर्यंत त्याचीही गणना मुराया याच प्रजातीत व्हायची. अलीकडे त्याला बर्जेरा या वेगळ्या प्रजातीत टाकलं आहे.

फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, जरा मागे वळलेलं, मधे दहा पुंकेसर. ते फार टिकत नाही. एक-दोन दिवसांत पाकळ्या गळतात आणि झाडाखाली सडा पडतो. पण एका वेळी सगळं झाड फुलतं, त्यामुळे तेवढ्या दिवसांत वास सगळीकडे भरून राहतो. नंतर छोटी, टोकदार, नारिंगी-तांबडी फळं धरतात. बुलबुल ती आवडीने खातात आणि बिया लांबवर टाकतात. पानांवर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लिंबाच्या रोपावर दिसणाऱ्या, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मोठ्या झाल्यावर हिरव्यागार होणाऱ्या अळ्या, त्याच या.

कुंतीच्या फुलण्याला एक शिस्त आहे आणि ती विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला चांगली समजेल. कोरडा काळ जावा लागतो, झाडाला ताण बसावा लागतो आणि मग पाणी मिळावं लागतं. उन्हाळा सोसलेल्या झाडावर पहिले जोरदार पाऊस पडले की थोड्याच दिवसांत कळ्या धरतात. बागायतदार संत्र्याला हेच करायला लावतो. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि पावसावर बहार फोडायचा. आंबिया बहाराला हाच ताण हिवाळ्यात द्यायचा. एका कुळातल्या दोन झाडांची एकच सवय. एका ठिकाणी ती हंगामावर सोडलेली, दुसऱ्या ठिकाणी माणसाने हातात घेतलेली.

झाडाचं वय वाढलं की लाकूड तयार होतं. ते पिवळसर, जड आणि घट्ट वीणेचं असतं. जाडी फार नसल्याने त्याच्या फळ्या निघत नाहीत, पण हत्यारांच्या मुठी आणि काठ्या यांना ते उत्तम. जावामध्ये कुंतीला कमुनिंग म्हणतात आणि तिथल्या क्रिस या नागमोडी पात्याच्या खंजिरांच्या मुठींना आणि म्यानांना हे लाकूड वापरण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे गावाकडच्या घरात पांढरीची काठी ठेवतात. ती जवळ असली की सापकिरडू फिरकत नाही, बाहेरची बाधा होत नाही, असा समज. समजाचं राहू द्या, पण काठी चांगली मजबूत असते आणि रात्रीच्या पायवाटेवर हातात मजबूत काठी असणं केव्हाही बरं.

वास, फळ, बी, लाकूड, काठी. या झाडाचं जे जे माणसाच्या, पाखराच्या किंवा फुलपाखराच्या उपयोगी पडतं, त्यातलं बहुतेक सगळं ते वयात आल्यावर मिळतं.

वईपासून हेजपर्यंत

महाराष्ट्राला कुंपण नवं नाही. कोकणात काट्याकुट्यांची वई आणि दगडाचा गडगा. देशावर बांधाला निवडुंग, शेर, घायपात, मोगली एरंड. करवंदीची जाळी तर आपोआपच कुंपण व्हायची. या सगळ्यांचं काम एकच होतं: गुरं आत येऊ नयेत. म्हणून काटा, चीक, कडूपणा किंवा विष यांपैकी काहीतरी असलेली झाडंच निवडली जायची. दिसायला ती कशी आहेत हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

शोभेचं कुंपण ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. ती इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर, कॅन्टोन्मेंट आणि सिव्हिल लाइन्सबरोबर आली. तिथे गुरं अडवायला भिंत आणि पहारेकरी होतेच. हिरव्या ओळीचं काम बागेला कडा देण्याचं. काटा नको, चीक नको, पानं बारीक आणि दाट हवीत, कापलं तरी खालून उघडं पडता कामा नये. या परीक्षेत कुंती पैकीच्या पैकी गुण घेऊन उतरते. पानं वर्षभर टिकतात, ऊन चालतं, अर्धी सावली चालते, वाढ सावकाश असल्याने आकार लवकर बिघडत नाही. कितीही कापा, पुन्हा फुटते. गुरांपासून राखण करायला मात्र तिचा काडीइतका उपयोग नाही.

स्वातंत्र्यानंतर बंगले गेले, संकुलं आली आणि कुंती तिथेही शिरली. आज पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत ती काळ्या पिशव्यांत रांगांनी उभी असते. आंध्रातल्या कडियमहून रोपांनी भरलेले ट्रक येतात, त्यांतही ती असते. बांधकाम व्यावसायिकाला ताबा देण्याच्या दिवशी हिरवं दिसणारं काहीतरी हवं असतं. मग फूट-दीड फुटावर एक रोप लावायचं, दोन पावसाळे जाऊ द्यायचे, की भिंत तयार.

पुढचं काम माळ्याचं. संकुलांत माळीकाकांना दर महिन्याला ठरलेलं सांगणं असतं: "हेज वेडीवाकडी वाढलीय काका, जरा लेव्हलला आणा." काका लांब दांड्याची कात्री घेतात किंवा विजेवर चालणारं हेजकटर. दोरी लावतात आणि एका सकाळीत सगळं सपाट करतात. खाली पोपटी पालवीचा ढीग पडतो, तो कचऱ्याच्या गाडीत जातो. त्या ढिगातच त्या वर्षीची फुलं गेलेली असतात, कारण कुंतीला कळ्या फांद्यांच्या टोकांना येतात आणि कात्री टोकंच नेते.

कापल्यावर काय होतं

फांदीचा शेंडा हा झाडाचा मुकादम असतो. तो खाली एक रसायन सोडत राहतो, त्याचं नाव ऑक्झिन. ते पोचतंय तोवर शेंड्याखालचे डोळे गप्प बसतात. शेंडा कापला की हा धाक संपतो आणि एकाऐवजी तीन-चार डोळे फुटतात. हेज दाट होते ती यामुळे. पण प्रत्येक नवी फूट कोवळी असते आणि ती जून व्हायच्या आत पुढची छाटणी येते. रानातली कुंती पावसाबरोबर पालवते, मग पानं जून होतात, मग ती थांबते. हेजमधली कुंती थांबतच नाही. नळीने पाणी, महिन्याला कात्री आणि वर शेणखत किंवा युरिया, यांमुळे तिच्यावर बारा महिने कुठे ना कुठे पोपटी कोंब असतो. तिला म्हातारं होऊ दिलं जात नाही, तसं तरुणही होऊ दिलं जात नाही.

छाटणीनंतर दोनेक आठवड्यांनी असा एक कोंब खुडून भिंगाखाली धरावा. नखाएवढी पानं अजून उघडलेली नसतात, एकमेकांना चिकटून उभी असतात. त्यांच्या बेचक्यात सुईच्या टोकाएवढी, बदामाच्या आकाराची पिवळी अंडी देठांवर उभी खोचलेली दिसू शकतात. त्यांच्या शेजारी चपटी, पिवळसर-नारिंगी पिल्लं. त्यांच्या मागच्या बाजूने मेणाचे पांढरे, वळलेले धागे बाहेर पडतात आणि पानांवर चिकट गोड थेंब साचतो. कोंबाच्या देठावर कदाचित प्रौढ कीडही बसलेली असेल: तीन-चार मिलिमीटरची, पंखांवर तपकिरी ठिपके असलेली. ती बसण्याच्या पद्धतीवरूनच ओळखावी. डोकं देठाला टेकलेलं आणि मागचा भाग तिरका वर उचललेला, एखादा बारीक काटा रुतावा तसा.

हा सिट्रस सायला. शास्त्रीय नाव डायफोरिना सिट्री. मादी आपल्या आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते, पण तिची एक अट आहे: जागा कोवळी हवी. जून पानावर ती रस शोषून दिवस काढेल, अंडी घालणार नाही. लिंबाच्या बागेत अशी कोवळी पालवी बहाराबरोबर ठरावीक वेळी येते आणि संपते. शेजारी महिन्याला कापली जाणारी कुंती असेल, तर सायलाला मधले रिकामे महिने काढायला कायमचं पाळणाघर मिळतं.

सायलाच्या नुसत्या रस शोषण्याने बाग मरत नाही. तो जे वाहून नेतो त्याने मरते. कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस नावाचा एक जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. पिल्लू असताना सायलाने तो रोगट झाडातून घेतला, की प्रौढ होऊन उडाल्यावर तो जन्मभर पसरवत राहतो. या रोगाला आपल्याकडे ग्रीनिंग म्हणतात. पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे चट्टे पडतात. फळं लहान, एका बाजूला कललेली राहतात, खालून हिरवी राहतात, चव कडवट होते, बिया पोचट निघतात. झाड शेंड्याकडून वाळत येतं. रोगट झाडाला बरं करणारा उपाय आजही बागायतदाराच्या हाती नाही.

डेलरे बीचची हेज

१९९८ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, पाम बीच काउंटीमधल्या डेलरे बीच गावी, सायला पहिल्यांदा सापडला. तो संत्र्याच्या बागेत सापडला नाही. सापडला घरांभोवतीच्या कुंतीच्या हेजवर. फ्लोरिडात कुंती ऑरेंज जॅस्मिन म्हणून विकली जाते आणि तिथल्या उष्ण, दमट हवेत ती आपल्यापेक्षाही जोमाने वाढते.

पुढे जे झालं ते वाऱ्याने कमी आणि ट्रकने जास्त झालं. दक्षिण फ्लोरिडातल्या रोपवाटिकांतून कुंतीची कुंडीतली रोपं राज्यभरातल्या दुकानांत जात होती आणि त्यांच्या पालवीवर बसून सायलाही जात होता. २००० सालच्या सप्टेंबरपर्यंत तो ३१ काउंट्यांत पोचला. २००१ मध्ये टेक्सासमध्ये दिसला. तोवर जिवाणू सापडलेला नव्हता, त्यामुळे कीड म्हणून ती फार भयंकर वाटत नव्हती. २००५ च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या दक्षिणेला ग्रीनिंग सापडला आणि चित्र पालटलं. गाडी आधीच राज्यभर फिरून आली होती. प्रवासी उशिरा चढला.

२००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात २४ कोटी २० लाख पेट्या संत्री झाली होती. पेटी म्हणजे साधारण ४१ किलो. २०२२-२३ मध्ये हा आकडा १ कोटी ५८ लाखांवर आला. त्या वर्षी चक्रीवादळानेही झोडपलं होतं, आधीच्या वर्षांत वादळं आणि जमिनींचे वाढते भाव होतेच. पण मुख्य घाव ग्रीनिंगचा, याबद्दल तिथे कुणाला शंका नाही. रस काढण्याचे कारखाने बंद पडले, पिढीजात बागांच्या जागी घरं आली.

ब्राझीलमधली गोष्ट थोडी वेगळी. तिथे सायला कित्येक दशकं होता, फारसा उपद्रव न देता. २००४ मध्ये साओ पाउलो राज्यात ग्रीनिंग सापडला आणि मग बागायतदारांचं लक्ष शहरांकडे गेलं. तिथे कुंतीला मुर्ता म्हणतात आणि गावोगावी फुटपाथवर, चौकांत, दफनभूमीत ती लावलेली. जिवाणू कुंतीतही आढळला. मग साओ पाउलो आणि पाराना राज्यांतल्या अनेक नगरपालिकांनी मुर्ता लावायला आणि विकायला बंदी केली. बागायतदारांनी शहरातल्या कुंती काढून बदल्यात दुसरी रोपं दिली. लोकांनी कुरकुर केली, कारण सावलीची, वासाची झाडं जात होती. पण संत्र्याचा रस ज्या राज्याची मोठी कमाई आहे, तिथे सौंदर्याची बाजू लंगडी पडली.

कुंतीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. फ्लोरिडातल्या पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की कुंतीत हा जिवाणू राहतो, पण थोड्या झाडांत आणि थोड्या प्रमाणात. लिंबूवर्गीय झाडांसारखा तो तिच्यात फोफावत नाही. म्हणजे ती रोगाचं मोठं कोठार नाही. तिचा मुख्य गुन्हा किड्याला आसरा देण्याचा. आणि हा आसरा ती जितकी कोवळी ठेवली जाईल तितका मोठा.

पंजाब, पुणे, वरूड

आपल्याकडे कुंती परकी नाही, सायलाही परका नाही. १९२७ साली हुसैन आणि नाथ या दोन कीटकशास्त्रज्ञांनी पंजाबातल्या सायलाचा जीवनक्रम तपशीलवार लिहून ठेवला. हा किडा रोग पसरवतो हे सिद्ध व्हायला आणखी चाळीस वर्षं जायची होती. ते काम पुण्यात झालं. इथल्या विषाणू संशोधन केंद्रातल्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं, की भारतातल्या ग्रीनिंगचा वाहक डायफोरिना सिट्री आहे. त्या काळी रोगाचं कारण विषाणूच असेल असं मानलं जात होतं; जिवाणूचा उलगडा नंतर झाला. पण कोण वाहून नेतो, या प्रश्नाचं भारतापुरतं उत्तर पुण्याने दिलं होतं.

विदर्भात नागपूर, काटोल, नरखेड, मोर्शी, वरूड हा संत्र्याचा पट्टा. इथल्या बागा मरतात आणि त्याची कारणं एकाहून जास्त आहेत. मुळं-खोड कुजवणारा डिंक्या आहे, ट्रिस्टेझा हा विषाणू आहे, कोळशी आहे, पाण्याची खाली जाणारी पातळी आहे, चुनखडीची जमीन आहे. ग्रीनिंग त्यातला एक. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा भर म्हणूनच निरोगी कलमांवर राहिला आहे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधताना तो डोळा रोगट झाडाचा असेल, तर सायलाची गरजच उरत नाही. कलम करणाऱ्याच्या चाकूनेच रोग पुढे जातो. शेंदुरजनाघाटसारख्या गावांत कलमांचा मोठा व्यवसाय आहे. तिथे मातृवृक्ष आणि रोपं किडीला शिरता येणार नाही अशा जाळीत वाढवणं, हा पहिला उपाय. विदर्भातल्या आरोपींच्या रांगेत कुंतीचं कुंपण म्हणूनच पुढच्या जागेवर उभं नाही.

तरीही ते रांगेत आहे. शेतकऱ्याने बहारावर सायलासाठी फवारणी केली आणि शेजारच्या मंगल कार्यालयाची हेज दर महिन्याला पालवत राहिली, तर फवारणीचे पैसे वाहून गेले. सायला दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. कुंपणच शेत खातं, ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते. फक्त कुंपण एकाचं आणि शेत दुसऱ्याचं.

शत्रूचा शत्रूही इथेच वाढतो

गोष्ट इथे संपली असती तर कुंती उपटून टाका, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पंजाबातल्या त्या सायलाला एक शत्रू आहे. टॅमॅरिक्सिया रेडिएटा ही मुंगीहूनही लहान गांधीलमाशी. १९२२ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते पंजाबातल्याच नमुन्यांवरून. ती सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली एक अंडं घालते. अळी पिल्लाला बाहेरूनच शोषून संपवते, त्याचं वाळकं कवच पानाला चिकटून राहतं आणि एका गोल छिद्रातून नवी माशी बाहेर येते. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर १९७८ मध्ये ही माशी भारतातून नेऊन सोडली आणि तिथे सायला आटोक्यात आला.

कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये आला. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या एका घराच्या परसात ग्रीनिंगचं पहिलं झाड सापडलं. त्याच्या थोडं आधी तिथल्या विद्यापीठाचे संशोधक टॅमॅरिक्सिया शोधत पाकिस्तानातल्या फैसलाबादला गेले होते. फैसलाबाद म्हणजे जुनं लायलपूर, पंजाबातल्या शेतीसंशोधनाचं जुनं केंद्र. २०११ च्या डिसेंबरमध्ये त्या माश्या रिव्हरसाइडमध्ये सोडल्या गेल्या.

आता हजारोंनी टॅमॅरिक्सिया तयार करायच्या तर हजारोंनी सायला हवेत आणि ते वाढवायला बारा महिने कोवळी पालवी देणारं, कितीही कापलं तरी फुटणारं झाड हवं. मेक्सिको आणि ब्राझीलमधल्या अशा प्रयोगशाळांनी यासाठी कुंती निवडली. पिंजऱ्यांत कुंतीची रोपं ठेवायची, ती छाटायची, पालवीवर सायला सोडायचे आणि मग त्यांवर माश्या. हेजला घातक ठरवणारा गुण इथे नेमका कामाचा ठरतो. मोकळ्या रस्त्यावर आणि पिंजऱ्यात फरक इतकाच, की पिंजऱ्यातल्या पालवीवर कुणाचं तरी लक्ष असतं.

परदेशातल्या मराठी घरांशी या प्रकरणाचा संबंध कढीपत्त्यामार्फत येतो. कढीपत्त्यावर सायला मजेत वाढतो, जरी जिवाणू त्यात मूळ धरत नाही. म्हणून भारतातून अमेरिकेत जाताना सामानात ताजा कढीपत्ता नेता येत नाही आणि कॅलिफोर्नियात त्याची कुंडी एका भागातून दुसरीकडे नेण्यावरही बंधनं आहेत. आईने पिशवीत घालून दिलेली पानं विमानतळावर काढून घेतली जातात तेव्हा माणसं चिडतात. पण त्या पानांच्या टोकाशी असलेल्या कोंबात काय असू शकतं, हे भिंगातून एकदा पाहिलेलं माणूस फार वाद घालणार नाही.

ऑस्ट्रेलियात तर कुंतीला दोन न्याय आहेत. उत्तर क्वीन्सलँडच्या रानात तिचा स्थानिक प्रकार वाढतो आणि तिथे तो तिथलाच मानला जातो. दक्षिणेकडच्या शहरांत बागांसाठी आणलेल्या बारीक पानांच्या कुंतीची फळं पक्षी खातात आणि ती झुडपांत पसरते. तिथे ती तण म्हणून गणली जाते. एकाच देशात, एकाच नावाखाली.

मग करायचं काय

फुलबाजारात कुंती पानांसाठी विकली जाते. दादरच्या फूल मंडईत किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात कामिनीच्या जुड्या येतात आणि पुष्पगुच्छात, लग्नाच्या सजावटीत फुलांच्या मागे लागतात. हा माल घेणारा कोवळा शेंडा घेत नाही; तो दुपारपर्यंत मान टाकतो. त्याला जून, गर्द पान हवं असतं, कारण ते टिकतं. बाजाराला जे कळतं ते गृहसंकुलाच्या समितीला कळायला हरकत नाही.

संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या पट्ट्यात कुंतीची हेज लावू नये, हे सरळ आहे. वरूड-मोर्शीच्या कार्यालयांभोवती, जालन्याच्या मोसंबीच्या भागात, नगर जिल्ह्यातल्या लिंबाच्या बागांशेजारी कोयनेल, मेंदी, अडुळसा किंवा करवंद चालेल. यांतली कुठलीही रुटेसी कुळातली नाही आणि सगळी इथल्या हवेला सरावलेली आहेत. रोपवाटिकांनी लिंबाची कलमं आणि कुंतीच्या पिशव्या एकाच मांडवाखाली ठेवू नयेत. आज बऱ्याच ठिकाणी त्या शेजारी शेजारी असतात आणि एकाच गाडीतून जातात.

शहरात, जिथे आसपास बागा नाहीत, तिथे कुंती काढायची गरज नाही. तिथे कात्री कमी करायची. वर्षातून एकदा, पावसाळी फुलोरा ओसरल्यावर छाटली तरी ती पुरेशी आटोपशीर राहते, कारण ती मुळात सावकाश वाढणारी आहे. कडा दोरीसारखी सरळ राहणार नाही, हे खरं. पण त्या बदल्यात पावसाळ्यात फुलं मिळतील, पुढे फळं आणि फळांवर बुलबुल. शिवाय दर चाळीस-पन्नास फुटांवर एक रोप अजिबात न कापता सोडून द्यायला हरकत नाही. पाच-सहा वर्षांत ते डोक्याच्या वर जाईल आणि इमारतीतल्या मुलांना आपल्या कुंपणाचं झाड म्हणजे काय ते दिसेल.

यासाठी निधी लागत नाही. उलट माळीकामाचे तास वाचतात. अडचण वेगळीच आहे. आपल्याला सरळ रेषा म्हणजे निगा आणि वाढलेली फांदी म्हणजे दुर्लक्ष, अशी सवय लागली आहे. समितीच्या सभेत कुणीतरी उठून "हेज वाढलीय" म्हणतं आणि ती तक्रार म्हणूनच टिपली जाते. तिथे दुसऱ्या कुणीतरी उठून एवढंच विचारावं, की वाढलीय म्हणून नेमकं बिघडलं कुणाचं? वरूडमध्ये या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते कुंती काढून टाकण्याच्या बाजूचं आहे. पुण्यात उत्तर नाही, म्हणून इथे कात्री खाली ठेवावी. एकाच झाडाला दोन गावांत दोन नियम लावायचे, तर झाडाची ओळख असावी लागते. भिंतीची असून भागत नाही.